दुसऱ्याच्या घराची किल्ली

आमच्या आळीत अकरा घरं. त्यांतली पाच बंद. चार आमच्याच भाऊबंदांची, मुंबईकरांची. ती गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, मे महिन्यात पोराबाळांनी भरतात आणि पहिल्या पावसाच्या आत पुन्हा कुलूप. पाचवं घर पुण्याच्या साहेबांचं. साहेब आमच्या नात्यातले नाहीत की गोत्यातले नाहीत. वीस वर्षांपूर्वी त्यांनी समुद्राच्या अंगाला बिनशेती केलेला दहा गुंठ्यांचा तुकडा घेतला, जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं घर बांधलं, पुढे पत्र्याचा ऐसपैस व्हरांडा काढला आणि वास्तुशांत झाल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "तात्या, घर तुमचंच समजा."

असं म्हणणारी माणसं चांगली असतात. पण ते ऐकणाऱ्याने तसं समजायचं नसतं, एवढी अक्कल मला दहावीपर्यंतच्या शिक्षणातही आली होती.

बंद घर राखणं म्हणजे कुलपाकडे बघत बसणं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. चोराची भीती असतेच. गावात पाण्याचा पंप, तांब्याचा बंब, पितळी समया गेल्याचं आम्ही पाहिलंय. पण समुद्राकाठच्या घराला चोरापेक्षा हवा जास्त खाते. खाऱ्या वाऱ्याने कुलूप दोन महिन्यांत आतून गंजतं, म्हणून मी त्यात महिन्याला खोबरेल सोडतो आणि वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधतो. बिजागऱ्या, खिडक्यांचे आकडे, पंपाची नटबोल्टं, सगळ्याचं तेच. आत गेलं की आधी भिंतीच्या बुडाला बघायचं. मातीची बारीक रेघ वर चढताना दिसली की वाळवी. ती दाराच्या चौकटीला पोचली तर संपलं. फ्रीज बंद करून दारात फडक्याचा बोळा घालून ते उघडं ठेवायचं, नाहीतर आत काळी बुरशी धरते. गाद्या उभ्या करून ठेवायच्या. गॅसचा रेग्युलेटर काढायचा, मेन स्विच पाडायचा, मोरीच्या भोकात वीट बसवायची, कारण तिथून उंदीर येतो आणि उंदराच्या मागून धामण.

वानरांचं तर विचारू नका. एक टोळी कौलांवरून गेली की दहा-बारा कौलं सरकलीच. एक कौल सरकलेलं दिसत नाही, पण त्यातून पावसाळाभर पाणी एकाच वाशावर पडतं आणि तो वासा दसऱ्यापर्यंत हाताने कुस्करता येतो. म्हणून मे महिन्याच्या शेवटी छपरावर चढायचं, कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा. आमच्या जुन्या घरांत चुलीचा धूर वर जायचा, वासे काळे व्हायचे पण कीड लागायची नाही. बंद घरात धूर कुठला? मी महिन्यातून एकदा घमेल्यात सुकी सोडणं पेटवून कडुनिंबाचा पाला टाकतो आणि घरभर फिरवतो. साहेबांच्या बाईंना तो वास आवडत नाही. पण त्या येईपर्यंत तो जातो.

हे सगळं मी करायचो आणि साहेब महिन्याला पैसे पाठवायचे. कधी चुकले नाहीत. घराचा विमा आहे हे मला ठाऊक होतं, कारण त्याचा कागद देवघराच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा. साहेब एकदा म्हणाले होते, "तात्या, आग, पूर, वादळ, सगळं यात आलं. आता काळजी नाही." मी तो कागद कधी वाचला नाही. पुढे कळलं, साहेबांनीही वाचलेला नव्हता.

2020 च्या शिमग्याला साहेब आणि बाई आल्या, पालखी नाचवताना बघितली, आणि 15 मार्चला परत गेले. पुढे काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. देश बंद झाला. मी ठरल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा घर उघडून बघत होतो.

आमचा मुलगा विरारला राहायचा. एक खोली, संडास चाळीला सामाईक. सूनबाईला सातवा महिना लागलेला. कंपनी बंद, पगार निम्मा, आणि चाळीत दोन माणसं पॉझिटिव्ह निघाली म्हटल्यावर त्याने कसाबसा पास काढला आणि 10 मेला दोघं गावच्या वेशीवर येऊन उभी राहिली. तेव्हा ग्राम कृती दलाचा नियम होता, मुंबईहून आलेल्याने चौदा दिवस वेगळं राहायचं. शाळेत सोय केलेली. शाळेत आधीच एकवीस माणसं, एक संडास, आणि व्हरांड्यात गोधड्या. ज्याचं रिकामं घर असेल त्याने तिथे राहावं, घर क्रमांक रजिस्टरात लिहावा, असंही होतं. चार मुंबईकरांची घरं तर त्यांच्याच माणसांनी भरली होती.

आमच्या घरात वेगळी खोली नाही. माझी म्हातारी आई तेव्हा होती, तिला दम्याचा त्रास.

मंडळी म्हणाली, "साहेबांचं घर हाय की."

मी म्हटलं, "फोन करून विचारतो."

"विचाराल नि ते नाय म्हणाले तर? सूनबाई शाळेच्या व्हरांड्यात निजायची?"

मी फोन हातात घेतला. नंबर लावला नाही. आजही मला तो क्षण आठवतो. रेंज होती, बॅलन्स होता. मी विचारलं नाही, कारण ते नाही म्हणतील याची मला भीती होती, आणि नाही म्हटलं असतं तरी मी किल्ली लावलीच असती याची त्याहून जास्त भीती होती. मग निदान न विचारता लावावी, असं मनाने घेतलं. मन असल्या वेळी वकिली करतं.

चौदा दिवस दोघं साहेबांच्या मागच्या खोलीत राहिली. मंडळी डबा व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून मागे सरायची. 24 मेला मुदत संपली. दोघांना ताप नाही, खोकला नाही. मी सगळं घर दोनदा पुसलं, चादरी उकळत्या पाण्यात घातल्या, गादीला चार दिवस ऊन दाखवलं, आणि विजेचे म्हणून 300 रुपये कागदात बांधून देवघराच्या खणात ठेवले. कागदावर काय लिहायचं ते सुचेना. काहीच लिहिलं नाही. मधल्या काळात साहेबांचा दोनदा फोन आला. "घर ठीक ना?" "हो साहेब, ठीक." खोटं नव्हतं ते.

मग 3 जून.

निसर्ग वादळाचं आम्हाला दोन दिवस आधी कळलं होतं. मी 2 तारखेला साहेबांचा पंप सोडवून आत घेतला, व्हरांड्यातल्या खुर्च्या दोरीने बांधल्या, खिडक्यांना आतून दांडे लावले. त्या दिवशी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने वादळ जमिनीवर आलं. आम्ही सगळे माजघरात, आई खाटेवर, सूनबाई तिच्या पायाशी. वाऱ्याचा आवाज मी साठ वर्षांत तसा ऐकला नव्हता. कौलं उडताना खडखड वाजतात असं वाटतं ना? तसं नाही. पत्त्यांचा कॅट हातातून निसटावा तशी ती गेली. मध्ये थोडा वेळ वारा थांबला, आणि मग उलट्या बाजूने आला. पहिल्या खेपेला जे हललं होतं ते दुसऱ्या खेपेला पडलं.

संध्याकाळी बाहेर आलो तर वाडी नव्हती. आजोबांनी लावलेल्या पोफळी मध्यावर मोडून एकमेकींवर पडलेल्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणून जी सुपारी बाजारात नावाने विकली जाते, ती आमची. पोफळ लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं. माडाचंही तेच. माझ्या दोनशे चाळीस पोफळींतल्या एकतीस उभ्या राहिल्या. सरकारने पुढे बागेला हेक्टरी 50 हजार जाहीर केले. आमच्या वाड्या गुंठ्यांच्या. गुंठ्याला पाचशे रुपये. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही, लिहिलं तर हा लेख दुसरीकडेच जाईल.

साहेबांच्या घरावर माड पडला होता. उत्तरेचा कोपरा आढ्यासकट खाली, व्हरांड्याचे पत्रे कुठे गेले ते आजतागायत सापडले नाहीत, आणि सगळ्या घरात पाणी. फ्रीज, टीव्ही, पलंग, पुस्तकांचं कपाट. देवघराचा खण मात्र कोरडा होता. विम्याचा कागद शाबूत, आणि शेजारी माझी 300 रुपयांची पुडी.

वीज नाही, टॉवर पडलेला. साहेबांना फोन लागला तो नवव्या दिवशी, डोंगरावर चढून. ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचं घर कसं आहे? माणसं?" हे त्यांनी आधी विचारलं, हे मला नोंदवलं पाहिजे.

जुलैत विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. साहेब पास काढून आदल्या दिवशीच आले होते, एकटे. तरुण पोरगा होता सर्व्हेअर, गळ्यात कॅमेरा, बोलायला नम्र. तलाठ्याचा पंचनामा पाहिला, फोटो काढले, टेपने भिंती मोजल्या. पडलेल्या माडाचे पैसे मिळत नाहीत, घराचे मिळतात, ते समजावलं. मग म्हणाला, "सर, विम्याची रक्कम घर बांधलं तेव्हाचीच आहे. वाढवली नाहीत?" साहेब म्हणाले, नाही. तेव्हा कळलं, घर आज पुन्हा उभारायला जो खर्च येईल तेवढ्याचा विमा हवा. निम्म्या रकमेचा असेल तर नुकसानही निम्मंच धरतात. जागेची किंमत त्यात येत नाही, नुसत्या बांधकामाची.

आम्ही मोडक्या व्हरांड्यात बसलो होतो. चहा झाला. पोराने वही उघडली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "घर किती दिवस बंद होतं?"

साहेब सरळ म्हणाले, "15 मार्चपासून. नंतर लॉकडाऊनच लागला."

पोराने पेन थांबवलं. पॉलिसीचं मागचं पान उलटून त्याने बोट ठेवलं. घर सलग 30 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची तशी लेखी मंजुरी आधी घेतलेली नसली, तर विमा लागू राहत नाही. बारीक अक्षरात, पण छापलेलं होतं. म्हणजे जे घर वर्षातले अकरा महिने बंदच राहणार होतं, त्याचा हप्ता साहेब पंधरा वर्षं भरत होते आणि ही अट कोणी सांगितली नव्हती. विकणाऱ्याने विचारलं नाही, घेणाऱ्याने वाचलं नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. निवृत्त माणूस. मग ते माझ्याकडे वळले. आवाज थोडा वेगळा झाला होता.

"तात्या, तुम्ही रोज रात्री झोपायला यायचात ना इथे? राखण म्हणून?"

मला कळलं. सर्व्हेअरलाही कळलं असणार, कारण तो वहीकडे बघायला लागला. नुसतं "हो" म्हणायचं होतं. साहेबांचं काम झालं असतं, माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. वीस वर्षांत साहेबांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट.

पण सर्व्हेअर उद्या शेजारी विचारणार. आणि शेजारी काय सांगणार? तात्या आपल्या घरी झोपायचा, पण त्याचा पोरगा नि सून चौदा दिवस बंगल्यात होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त घराच्या मालकाला नव्हतं. मी खरं बोललो ते धैर्याने बोललो असं कोणी समजू नये. दोन्हीकडून अडकलो होतो.

म्हटलं, "नाय साहेब. मी झोपत नव्हतो. पण 10 मे ते 24 मे माझा मुलगा आणि सून इथे राहिली. मुंबईहून आली होती. मी तुम्हाला विचारलं नाही."

कोणी बोलेना. समुद्राचा आवाज तेवढा. मी पुढे म्हटलं, "ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात लिहिलंय. घर क्रमांकासकट."

सर्व्हेअरने मान वर केली. "म्हणजे वादळाच्या आधी दहाच दिवस घर बंद होतं?" त्याने बोटांवर मोजलं. मग उठला आणि ग्रामपंचायतीत नक्कल मागायला गेला. मी आणि साहेब मागे राहिलो.

साहेब बराच वेळ पडलेल्या माडाच्या बुंध्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मी हो म्हणालो असतो, तात्या."

मी काय बोलणार? त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. थोड्या वेळाने म्हणाले, "बहुतेक म्हणालो असतो." तो "बहुतेक" त्यांनी प्रामाणिकपणे घातला. मला तो जास्त लागला आणि जास्त बरंही वाटलं. दोन्ही.

मी देवघराच्या खणातली पुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी उघडली, नोटा बघितल्या, आणि काही न बोलता पुन्हा बांधून ठेवली.

कंपनी सहज मानली नाही. पत्र आलं की मे महिन्यात माणसं राहिली हे खरं, पण त्याआधी जवळजवळ दोन महिने घर बंद होतं, त्याचं काय? साहेबांच्या पुतण्याने, तो वकील आहे, उत्तर दिलं की नुकसान झालं त्या दिवशी घर दहाच दिवस रिकामं होतं, आणि मधल्या काळात घरमालकाने प्रवास करू नये हा सरकारचा हुकूम होता. अशी चार महिने पत्रापत्री चालली. दिवाळीनंतर पैसे आले. रक्कम जुनी असल्यामुळे नुकसानीच्या निम्म्याहून थोडे कमीच. छप्पर झालं, व्हरांडा झाला नाही.

बाई त्या वर्षी आल्याच नाहीत. पुढच्या वर्षी आल्या तेव्हा माझ्याशी नीट बोलल्या, सूनबाईची चौकशी केली, नातीला हातात चांदीचा वाळा दिला. मागच्या खोलीतली गादी मात्र त्यांनी बाहेर काढून ठेवली होती. म्हणाल्या, "तुम्हीच वापरा ती." गादी चांगली होती. मंडळीने ती घेतली नाही. शेवटी ती भंगारवाल्याला दिली.

किल्ली माझ्याकडेच आहे. पण आता मागच्या खोलीला वेगळं कुलूप आहे आणि त्याची किल्ली पुण्याला असते. साहेबांनी मला तसं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या खोलीत वाळवी लागली तर मला दिसणार नाही, एवढंच मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "बघू."

विमा त्यांनी नवा घेतला, 2021 पासून जी भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात ती. या वेळी मात्र दोघांनी बसून वाचली. माझ्या खळ्यात, खाटेवर, ते वाचत होते आणि मी ऐकत होतो. चोरीचं त्यात एवढंच आहे की वादळ किंवा आगीसारखं काही झालं आणि त्याच्यामुळे सात दिवसांच्या आत सामान चोरीला गेलं, तर ते धरतात. एरवी बंद घर फोडलं तर त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. साहेबांनी तोही घेतला. घर वर्षातले बहुतेक दिवस बंद असतं, किल्ली गावात अमुक माणसाकडे असते, हे त्यांनी कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली. अमुक माणूस म्हणून माझं नाव टाकलं. टाकू का, असं आधी विचारलं.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. ज्या दिवशी घर उघडलं ती तारीख, काय पाहिलं, काय केलं, घरात कोण आलं. महिन्याच्या शेवटी त्या पानाचा फोटो नातीचा बाप साहेबांना मोबाइलवर पाठवतो. तो आता गावातच असतो. मोडलेल्या पोफळींच्या जागी आम्ही नवी रोपं लावली, त्यांना तो शिंपणं करतो.

काल घर उघडलं. वहीत लिहिलंय: कुलपाला तेल घातलं. पन्हळ साफ. व्हरांड्याच्या बाजूची चार कौलं वानरांनी सरकवली, सारखी केली. मागच्या खोलीच्या चौकटीला बाहेरून मातीची रेघ, वीतभर. साहेबांना फोन केला. लागला नाही. संध्याकाळी पुन्हा करायचा.